शेतकी कॉलेजासाठी दत्तक

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे लालबागच्या आमच्या चाळीत रांगत्या पोरांनाही ठाऊक होतं. चौथीत असताना मी तिसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीतून पडलो आणि खालून जाणाऱ्या भाजीवाल्याच्या पाटीत अलगद झेलला गेलो, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की हल्ली मला त्यातल्या कोबीचा वाससुद्धा येतो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातलंही जे पटणार नाही ते खुशाल गाळा. फक्त एक गाळू नका. मला माझ्या आईबापांनी अठराव्या वर्षी, चांगल्या मिशा फुटल्यावर, दत्तक दिलं. इस्टेटीसाठी नव्हे, शेतकी कॉलेजात जागा मिळावी म्हणून. ते दत्तकपत्र अजून माझ्या कपाटात आहे, आणि कुणी पैज लावली तर मी ते काढून दाखवतो. अशा पैजेवर मी आजवर पुष्कळ चहा प्यालो आहे.

आमचे बाबा गिरणीत साळखात्यात होते, कापड विणायचे दोन साचे चालवत. साळखात्यातल्या माणसांना एकमेकांशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात नाहीतर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, इतका तिथे खडखडाट. बाबांना ओरडायची सवय जडलेली. घरी आल्यावर ते 'मीठ दी' म्हणाले की शेजारच्या खोलीतून मिठाची वाटी येई. आईशी कुजबुजणं त्यांना जमत नसे, त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही नव्हतंच. पेज पातळ झाली, धाकट्याचं गणित बुडालं, गावाहून पत्र नाही, सगळं चाळीला आमच्याआधी कळे. माझा असा सिद्धांत होता की बाबा खोटं बोलत नाहीत यात त्यांचा काही मोठेपणा नाही. ज्याला हळू बोलता येत नाही त्याला खोटं परवडतच नाही. मी मात्र आईच्या वळणावर गेलो होतो, आवाज बारीक आणि जीभ लांब. त्यांच्या वाट्याचं सगळं खोटं मीच बोलून टाकी.

शेतकीचं वेड माझ्या डोक्यात कसं शिरलं याच्या मी निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या हकिकती सांगितल्या आहेत. खरी अशी, की शेतकी खात्यात लागलेल्या एका साहेबाला मी आमच्या गावच्या बाजारात पाहिलं होतं. डोक्यावर खाकी टोपी, बुडाखाली जीप, आणि लोक त्याला शहाळं फोडून देताहेत. बस्स. बाकी शेती मला काय ठाऊक. गावी आम्ही जायचो ते मे महिन्यात, गणपतीला बाबा एकटेच जात. मे महिन्यात भाताच्या खाचरात काय असतं, तर भेगा आणि गुरांचं शेण. चौदा वर्षांचा होईपर्यंत माझी अशी समजूत होती की आमच्या काकांनी गावच्या पोरांसाठी खेळायची मैदानं बांधून ठेवली आहेत आणि बांध आहेत ते बॅट टेकायला.

अकरावी झाली. मार्क असे होते की मी ते सांगताना आधी परीक्षकाच्या प्रकृतीबद्दल बोलत असे. घाटावरच्या शेतकी कॉलेजचा अर्ज आणायला मी फोर्टातल्या कचेरीत गेलो, तर तिथल्या कारकुनाने माझे मार्क बघून सांगितलं की एवढ्यावर जागा मिळणं नाही, पण शेतकऱ्याचा मुलगा असलास तर वेगळी यादी आहे. बापाच्या नावाचा सातबारा आण. मी हवेत तरंगत लालबागला आलो. आणि बाबांनी जेवता जेवता, चाळीला ऐकू जाईल अशा बेतात, सांगितलं की त्यांच्या नावावर गावी वीतभर जमीन नाही. आजोबा वारले तेव्हाच त्यांनी आपला हिस्सा धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या बाबलकाकांना, रीतसर लिहून दिला होता. का, तर चिखलात तो उभा राहतो, मी नाही. हा युक्तिवाद मला तेव्हा इतका खुळचट वाटला की मी ताटावरून उठलो. खाचरं बाबलकाकांची, सातबारा बाबलकाकांचा, आणि बाबलकाकांना मूलबाळ नाही. तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

आमच्या माळ्यावर एका वकिलाकडे कारकुनी करणारा गुरुनाथ म्हणून होता. त्याला सगळे बॅरिस्टर म्हणत आणि तो ओ देई. मी त्याला गॅलरीत गाठून विचारलं, की मी काकांचा दत्तक मुलगा झालो तर शेतकऱ्याचा मुलगा ठरतो की नाही? बॅरिस्टरने विडी विझवली, म्हणजे प्रश्न त्याला मोलाचा वाटला. ठरतोस, तो म्हणाला. वयाची अडचण आहे, पण आपल्याकडे रूढी दाखवता येते, मिशावालाही चालतो. फक्त नुसत्या कागदावर भागत नाही. चार माणसांत द्यावं लागतं आणि घ्यावं लागतं. मी म्हटलं, देतील की. संध्याकाळपर्यंत देतील आणि रात्री जेवायला परत बोलावतील. आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्या हसण्याचा आवाज मला आठवतो. त्यानंतरच्या पुष्कळशा गोष्टी जाड काचेपलीकडे घडल्यासारख्या दिसतात, ऐकू येत नाहीत.

आई दोन दिवस कबूल नव्हती. मग तिला मी जीप, खाकी टोपी, सरकारी बंगला आणि बंगल्याच्या परसात तिच्या नावाने लावलेलं सोनचाफ्याचं झाड, असं सगळं दाखवलं, तेव्हा ती रडली आणि हो म्हणाली. बाबांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी ते एखाद्या गमतीसारखं सांगितलं. म्हटलं, नाटकच आहे बाबा. अर्जापुरतं. जागा मिळाली की संपलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते गिरणीतून नुकतेच आले होते, भुवयांवर कापसाचे तंतू होते. त्यांनी तोंड धुतलं, पुसलं, परत येऊन बसले.

"खोटा मी लिवूचंय नाय," ते म्हणाले. "झील देवचो आसात तर खरोच देतलंय. मगे तो बाबलाचो."

झील म्हणजे मुलगा. हे वाक्य गॅलरीच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं, कारण तिकडे कुणाच्यातरी घरचा पाटा-वरवंटा थांबला. मी म्हणालो, हो हो, खरंच द्या. मला वाटलं, बाबांना एवढ्याने समाधान वाटत असेल तर वाटू दे. त्या वेळी मी एक शब्द वेगळा बोललो असतो तर, असा विचार पुढे आयुष्यभर मी करीन, असं एखाद्या चांगल्या पुस्तकात लिहिलं असतं. मी तसा विचार केला नाही. मी अर्ज भरायला बसलो.

बाबलकाका आणि काकी बोटीने आली. भाऊच्या धक्क्यावर मी उतरवून घ्यायला गेलो, तर काकीने एका हातात कोंबडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने मला चाचपून पाहिलं, बाजारात घेतलेली वस्तू ठीक पोचली का ते बघावं तसं. काका अबोल. त्यांना हे सगळं कॉलेजसाठी आहे हे पत्राने कळवलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती, असं पत्र लिहून देणाऱ्या मास्तरांनी उत्तरात लिहिलं होतं. काकीला काय कळवलं होतं देव जाणे. तिने बरोबर उकड्या तांदळाचं गाठोडं, आमसुलं, कुळीथ आणि एक लहान मुलाचा चांदीचा वाळा आणला होता. वाळा माझ्या अंगठ्यातही गेला नसता. तो तिने वीस वर्षांपूर्वी घडवून ठेवलेला होता.

दत्तविधान आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत झालं. ते दिवस असे होते की लालबागमध्ये दर दोन दिवसांनी मोर्चा, दर आठवड्याला हरताळ, आणि भिंती इतक्या घोषणांनी भरलेल्या की चुना लावलेली जागा दिसली तर माणसं थांबून बघत. भटजी काळाचौकीहून यायचे होते, ते मोर्चात अडकले आणि दीड तास उशिरा आले. मोर्चासोबत चालत चालत आले असं नंतर कळलं, घोषणाही दिल्या म्हणे. तोवर चाळ दाराशी जमली होती. कुणीतरी म्हणालं, मुंबई कोणाची ते आधी ठरू दे, मग वासूचं बघू, आणि सगळे हसले. मीही हसलो. मी त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसत होतो. काकीच्या मांडीवर बसायची वेळ आली तेव्हा मी खाली वाकून विचारलं की वजन सोसेल ना, की दोन हप्त्यांत बसू? काकी माझ्या निम्मी. तिने मला ओढून बसवलंच. तिने माझं डोकं हुंगलं, जसं नुकत्या जन्मलेल्या मुलाचं हुंगतात तसं, आणि माझ्या डोक्याला त्या दिवशी ब्रिलियंटाइनचा वास होता.

मग भटजींनी बाबांना पुढे बोलावलं. हातावरून पाणी सोडायचं होतं. बाबांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. त्यांनी पळीने पाणी घेतलं, सोडलं, आणि भटजी जे म्हणाले ते मोठ्यांदा म्हणाले, शब्द चुकवून पण न अडखळता, सगळ्या माळ्याला ऐकू जाईल असं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते, साच्यावर धागा तुटला आहे का ते बघतात तसे. बाहेर घोषणा चालू होत्या. मला काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की खोलीत उकडतंय.

संध्याकाळी मी सिनेमाला निघालो होतो. नेहमीप्रमाणे बाबांना विचारलं, जाऊ का? ते पायरीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला, आत खोलीत बसलेल्या बाबलकाकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बापाशीक इचार."

मला वाटलं बाबा थट्टा करताहेत. बाबांनी जन्मात थट्टा केली नव्हती. मी हसून काकांकडे वळलो. काका गोंधळून मान हलवत राहिले, आईने चुलीवरच्या भाकरीकडे तोंड फिरवलं. मी सिनेमाला गेलो. कुठला होता ते विचारू नका. एरवी मी कुठल्याही सिनेमाची गोष्ट सांगून दोन तास खाऊ शकतो, न पाहिलेल्याचीसुद्धा.

मुलाखतीचं थोडक्यात सांगतो, कारण ती मी हजार वेळा सांगितली आहे आणि दर वेळी तिच्यात एक साहेब वाढतो. सध्या सात आहेत. शिपायाने माझं नाव पुकारलं, वासुदेव बाबाजी, आणि मी बाकावरच बसून राहिलो. बाबलकाकांचं कागदावरचं नाव बाबाजी. दोनदा पुकारल्यावर शेजारच्या मुलाने कोपर मारलं, की बाबाजी तूच का? मग मी उठलो. आत साहेबांनी विचारलं, नांगर धरला आहेस का? मी म्हटलं, सातव्या वर्षापासून. बैलांची नावं सांगितली, त्यांच्या खोडी सांगितल्या, एक बैल तर माझ्याशिवाय कुणाच्या हातची पेंड खात नाही म्हणून काकी मला गावाबाहेर जाऊ देत नाही, असंही सांगितलं. एका साहेबाने हात पुढे करायला लावले. तळव्यांवर घट्टे होते. ते गणेशगल्लीच्या व्यायामशाळेतल्या मल्लखांबाचे होते, पण घट्ट्यावर काही ठिकाण लिहिलेलं नसतं. महिन्याभरात पत्र आलं. माझं नाव शेतकऱ्यांच्या मुलांच्या यादीत होतं.

पत्र बाबांनी बॅरिस्टरकडून वाचून घेतलं. मग ते गावी बाबलकाकांना पोस्टाने पाठवून दिलं, कारण ते त्यांच्या मुलाचं होतं.

कॉलेजात मी आयुष्यात पहिल्यांदा चिखलात उतरलो. प्रत्येकाला एक तुकडा दिलेला, त्यात पेरायचं, खुरपायचं, वहीत लिहायचं. माझा ज्वारीचा तुकडा पाहून आमचे मास्तर म्हणाले होते की शेतकऱ्याच्या मुलाला इतकी वाईट शेती मुद्दाम शिकावी लागली असणार. पण दुसऱ्या वर्षापासून मला ती येऊ लागली. माती बोटांत चोळून सांगता यायला लागलं की हिच्यात पाणी किती थांबेल. एवढी एक गोष्ट माझ्या सबंध चरित्रात अशी आहे की तिच्यात मी तेव्हाही काही मिसळलं नाही आणि आताही मिसळत नाही. पहिल्या दिवाळीत मी लालबागला जायचं म्हणून ट्रंक भरली, तर बाबांचं कार्ड आलं, शेजारच्या मुलाच्या अक्षरात: सुट्टीत घरी जावे, काकी वाट पाहते. घरी म्हणजे गावी. मी गेलो. काकीने रोज पहाटे मला तेल लावलं. मी रोज लावून घेतलं.

परतताना दोन दिवस लालबागला उतरलो. दारात चपला काढल्या, आणि आत पाहिलं तर माझ्यासाठी पाट मांडला होता. आम्ही सगळे जन्मभर जमिनीवर बसून जेवलो. घरात पाट एकच, तो पाहुण्यांचा. आईने वडे आणि कोंबडीची सागोती केली होती, तीही आमच्याकडे पाहुण्यांची. धाकट्या भावाने खिडकीखालची स्वतःची झोपायची जागा माझ्यासाठी रिकामी केली होती. बाबांनी सदरा घातला होता. घरात बाबा कधी सदरा घालत नसत. ते मला विचारत होते की प्रवास कसा झाला, बाबल कसा आहे, भात किती झालं. मी उत्तरं देत होतो आणि वडे खात होतो, सात खाल्ले असतील. मग मी म्हटलं, बाबा, बस झालं आता. जागा मिळाली, पहिलं सत्रही झालं. ते अर्जापुरतं होतं.

"नुसता कागदाचा काम आसता," बाबा म्हणाले, "तर ता मी केलाच नसता."

आणि त्यांनी आईला खूण केली की ह्याला रस्सा वाढ. रागाने नाही. त्यांच्या आवाजात राग शोधायचा मी फार प्रयत्न केला. रागावलेल्या बापाला माणूस काही म्हणू शकतो. बाबा तर दिलेलं दान मागे घेता येत नाही म्हणून सावरून बसले होते, आणि मलाही सावरून बसवत होते. मी आईकडे पाहिलं. ती डावाने रस्सा वाढत होती आणि बघत माझ्याकडे होती. रस्सा पाटावर सांडला. तिने तो पदराने पुसला.

अशीच दोन-अडीच वर्षं गेली. मी कधी गोष्टी सांगून त्यांना हसवायचा प्रयत्न करी, ते पाहुण्याच्या गोष्टीला हसावं तेवढं हसत. आता माझी नात म्हणते, आजोबा, तुम्ही भांडला का नाहीत? ओरडायचं, रडायचं. तिला काय सांगू. आमच्या घरात ओरडण्याचं काम बाबांकडे होतं.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर तार आली. बाबा साच्यावर उभे असताना कोसळले होते. मी पोचलो तेव्हा मयत गिरणीच्या फाटकापासून घरी आणली होती आणि चाळीचा जिना माणसांनी भरला होता. अग्नी धाकट्याने दिला. भटजी तेच होते, त्यांना काही समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी धाकट्याला पुढे घेतलं, मला हाताने जरा बाजूला केलं, इथे उभा राहा म्हणाले, जिथे चुलते आणि पुतणे उभे राहतात तिथे. मी तिथे उभा राहिलो. शिवडीच्या बाजूने वारा येत होता, त्याला खाजणाचा वास होता, आणि मी मनात विचार करत होतो की ह्या मातीत क्षार किती असतील.

घरी आल्यावर आईने मला खिडकीपाशी बसवलं. धाकट्याला तेरा दिवस, ती म्हणाली. मला नाही. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्याचं सुतक तीन दिवसांचं.

"तुका तीनच दीस," ती म्हणाली. "तेंनी आधीच सांगान ठेवलेला. चवथ्या दिसाक परीक्षेक जा."

म्हणजे बाबांनी हिशोब करून ठेवला होता. कधी, कुठल्या संध्याकाळी, चाळीला ऐकू जाणार नाही असा तो एकच विषय ते आईशी कसा बोलले असतील, मला कळत नाही. कुजबुजले असतील. त्यांना जमलं असेल.

तीन दिवस मी अळणी जेवलो. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ केली आणि दाढी करायला नाक्यावरच्या सदूकडे गेलो, कारण दुपारची गाडी होती आणि दुसऱ्या दिवशी मातीची तोंडी परीक्षा होती. सदूने माझी पहिली दाढी केली होती. मला खुर्चीत बसवून त्याने गळ्याभोवती फडकं बांधलं, ब्रश पाण्यात बुडवला, आणि मग तो तसाच हातात धरून आरशात माझ्याकडे बघत राहिला.

"वासू, बाप गेला ना रे तुझा," तो म्हणाला. "दाढी कसली करतोस? दहाव्याला ये."

दुकानात आणखी दोघे बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. माझ्याजवळ त्या क्षणी सांगायला किती गोष्टी होत्या. परीक्षेची होती, भटजींची होती, कायद्याची होती. मी आरशात पाहिलं.

"काका गेले," मी म्हणालो. "माझे वडील गावी असतात."

सदूने माझ्या गालाला फेस लावला, एका बाजूला, मग दुसऱ्या, आणि वस्तरा पट्ट्यावर घासून घेतला. मी मान मागे टाकली.